मदत हवी आहे: जादूच्या राज्यात दिव्य (आरोपीचा दोष ठरवायची जीवघेणी परीक्षा) कसं टिकेल?

मध्ययुगीन धाटणीच्या काल्पनिक राज्यावर कादंबरी लिहितेय आणि न्यायनिवाड्याच्या प्रसंगात पार अडकलेय. चोरीचा आळ आलेली लोहारीण तापलेली लोखंडी कांब हातात धरून नऊ पावलं चालते. हात बांधतात, तिसऱ्या दिवशी पट्टी सोडतात. जखम चिघळलेली दिसली की ती दोषी. इंग्लंडमध्ये असं दिव्य खरंच करायला लावत. १२१५ मध्ये चर्चने पाद्र्यांना त्यात भाग घ्यायला मनाई केली आणि ते मागे पडलं.

पण माझ्या राज्यात जखमा भरणारे मांत्रिक आहेत! मग त्या पट्टीखालच्या हातावर विश्वास कोण ठेवणार? चोरून मंत्र घालणं हाच वेगळा गुन्हा ठरवू का? आणि शिक्षा काय, दंड की हद्दपारी? देहदंड मला नकोच आहे, तिचे हात तर वाचायलाच हवेत. काही सुचत असेल तर प्लीज सांगा.