हातातली गेमिंग यंत्रं फोनपुढे टिकतील का? सांगली-साताऱ्याकडच्या जाणकारांसाठी अनुभव धागा

धागा – सांगली

फोन आणि टॅब घरोघरी असताना फक्त गेमसाठी वेगळं हँडहेल्ड घ्यावं का, हा प्रश्न मारुती रोडपासून विश्रामबागपर्यंत कुणी ना कुणी विचारतंच. उत्तरं मिळतात ती बहुतेक आवडीनिवडीची, म्हणून हा धागा. ज्यांच्या हाताखालून ही यंत्रं जातात त्यांनी लिहावं: दुरुस्ती करणारे, विकणारे, गेम बनवणारे, मुलांना घेऊन देणारे. आठवणी नकोत. काय टिकतं, काय बिघडतं आणि का, एवढंच सविस्तर लिहा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. निन्टेन्डोचा स्विच आणि व्हॉल्वचं स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकलं जात नाही. इकडे दिसतात ते बाहेरून आणलेले नग, त्यामुळे वॉरंटी इथे चालेल असं धरून चालू नका. असूसचं आरओजी अ‍ॅलाय मात्र जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना रीतसर आलं. म्हणजे आपल्याकडे 'टिकणं' हे पार्ट मिळतात का आणि दुरुस्ती होते का, यावरही ठरतं.

सातारा – गेम प्रोग्रॅमिंग

या प्रश्नाचं अर्धं उत्तर मागच्या पंधरा-वीस वर्षांत मिळून गेलंय. २००४ चा निन्टेन्डो डीएस १५ कोटींच्या वर खपला. त्याच्या पुढचा ३डीएस २०११ मध्ये आला आणि साडेसात कोटींच्या आसपास थांबला. मधल्या काळात स्मार्टफोन आले. थोडा वेळ मिळाला की पाच मिनिटं खेळायचं, हे गिऱ्हाईक फोनकडे गेलं आणि ते परत येणार नाही.

३डीएस अमेरिकेत २४९.९९ डॉलरला काढला होता. खप होईना म्हणून पाच महिन्यांच्या आत, ऑगस्ट २०११ मध्ये, तो १६९.९९ वर आणावा लागला. त्यानं तो वाचला. सोनीचा व्हिटा यंत्र म्हणून त्याहून दमदार होता, पण त्याला सोनीचंच खास मेमरी कार्ड लागायचं आणि ३२ जीबीचं कार्ड सुरुवातीला ९९.९९ डॉलरला होतं. २४९.९९ च्या यंत्रावर १०० चं कार्ड! पुढे गेम आटले आणि २०१९ मध्ये उत्पादन बंद झालं.

फोन आणि हँडहेल्ड एकात घालायचा प्रयत्न तर २००३ मध्येच नोकियाच्या एन-गेजनं केला होता. त्यात गेमचं कार्ड बदलायला मागचं झाकण आणि बॅटरी दोन्ही काढावं लागायचं. गेम खेळणाऱ्याचा विचार करून यंत्र बनवलेलं नसलं की असं होतं.

मार्च २०१७ च्या स्विचनं फोनशी स्पर्धाच सोडून दिली. टीव्हीला लावता येणारा कन्सोल, जो उचलून नेता येतो, असा तो मांडला आणि १५ कोटींच्या पुढे गेला. स्टीम डेक, अ‍ॅलाय वगैरे फेब्रुवारी २०२२ पासून आले ते हातात मावणारे पीसी आहेत. दुसऱ्या टोकाला चार-पाच हजारांची रेट्रो, म्हणजे जुने गेम चालवणारी, यंत्रं आहेत. मधला पंधरा-वीस हजारांचा पट्टा फोननं खाल्ला तो खाल्लाच. माझ्या मते हँडहेल्ड टिकणार ते या दोन टोकांना.

मिरज – कन्सोल आणि मोबाईल दुरुस्ती

हँडहेल्डचा जीव स्टिकमध्ये, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या दांडीत, असतो. टेबलावर येणारी सगळ्यात मोठी तक्रार ड्रिफ्टची, म्हणजे हात न लावता पात्र एका बाजूला सरकत राहतं. कारण साधं आहे. स्टिकच्या आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची पत्ती घासत फिरते. पट्टा झिजतो, त्याची भुकटी आणि बाहेरची धूळ पत्तीखाली अडकते आणि चुकीचं माप जातं.

स्विचच्या जॉय-कॉनचं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरचं, काम असं करा. मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे, वाय आकाराचे असतात. त्याला वाय-डबल-झीरो बिट लागतो. साध्या स्टार बिटनं जोर लावला की डोकं गोल होतं आणि मग ड्रिल करावं लागतं. झाकण ओढून काढू नका, पुस्तकासारखं उघडा, कारण रेल्वेच्या रुळासारखी जी सरकपट्टी आहे तिला केबल जोडलेल्या असतात. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचं. मग बॅटरीचा ट्रे, त्याखाली स्टिक. स्टिक दोन स्क्रूवर आणि एका पट्टी केबलवर असते. केबलची खिट्टी नखानं किंवा प्लॅस्टिकच्या चिमट्यानं उचला. धातूचा चिमटा वापरलात तर खिट्टी तुटते, आणि ती तुटली की केबल पुन्हा घट्ट बसत नाही. जोडून झालं की सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही स्टिकचं कॅलिब्रेशन (मध्य आणि कडा पुन्हा नोंदवणं) करायचं. हे विसरल्यामुळे 'नवी स्टिकपण खराब निघाली' म्हणून लोक परत येतात.

बदलायचीच आहे तर हॉल इफेक्टची टाका. त्यात चुंबक आणि सेन्सर असतो, घासणारा भाग नसतो, म्हणून तसली झीज होत नाही. २०२५ च्या स्विच २ मध्येही निन्टेन्डोनं हॉल इफेक्ट स्टिक दिलेली नाही, हे मला पटलेलं नाही. एवढ्या मोठ्या तक्रारीनंतर ती द्यायलाच हवी होती.

स्टीम डेक उघडणं त्यामानानं सोपं. मागे आठ स्क्रू, चार लांब आणि चार आखूड, ते वेगळे ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळलात तर पुढचं प्लॅस्टिक फुगतं. आणि उघडण्यापूर्वी मेमरी कार्ड बाहेर काढा. कार्ड आत ठेवून झाकण उचललं की ते मधोमध मोडतं. हे फार वेळा होतं.

विटा

दादा, स्टिक साफ करायला आयसोप्रोपाईल अल्कोहोल मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतं. ते चालेल का?

मिरज – कन्सोल आणि मोबाईल दुरुस्ती

नको. उरलेलं ३० टक्के पाणी असतं, ते आत राहतं. ९९ टक्क्यांचं मोबाईल स्पेअरच्या दुकानात मिळतं. नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे घ्या. स्टिकच्या तळाशी रबरी झालर असते, ती उचलून दोन थेंब, मग स्टिक गोल फिरवायची आणि यंत्र बंद ठेवून सुकू द्यायचं. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे अजिबात नको, त्याच्या थरावर धूळ चिकटते. आणि सफाई हा तात्पुरता उपाय आहे. पट्टा झिजलेला असेल तर ड्रिफ्ट परत येतो.

कराड – पीसी हँडहेल्ड

पीसी हँडहेल्ड घेताना लोक चिप बघतात. बघायचे असतात बॅटरीचे वॅट-तास, म्हणजे तिच्यात किती वीज मावते ते. पहिल्या अ‍ॅलायमध्ये ४० वॅट-तासांची बॅटरी आहे. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात वेगवान मोडवर, एकटी चिप २५ वॅट घेते. स्क्रीन, पंखा, वायफाय धरून ३५ च्या आसपास गेलं की हिशोब तासाभराचा. तेच १० वॅटच्या सायलेंट मोडवर, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ४० ला बांधून, जुना किंवा हलका गेम खेळला तर अडीच तासांपर्यंत जाता येतं. कराड ते पुणे गाडीत खेळायचं असेल तर हा दुसरा हिशोब धरा. स्टीम डेकच्या पहिल्या मॉडेलमध्येही ४० आहेत, ओलेड मॉडेलमध्ये ५० आणि अ‍ॅलाय एक्समध्ये ८०.

चार्जरचा घोळ सगळ्यात जास्त. फोनबरोबर आलेला '६७ वॅट', '८० वॅट' लिहिलेला चार्जर डेकला लावला की 'स्लो चार्जर' अशी सूचना येते. फोन कंपन्यांचं वेगवान चार्जिंग बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं. दुसरं यंत्र दिसलं की असा चार्जर ५ व्होल्टवर उतरतो. डेकला यूएसबी पीडीचा (यूएसबी-सीची सामाईक चार्जिंग पद्धत) १५ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे ४५ वॅट हवा. अ‍ॅलायला २० व्होल्टचा ६५ वॅट. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात हे आकडे असतात, तेच वाचा.

पॉवर बँकचंही तसंच. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टनं गुणून ७४ वॅट-तास, आणि त्यातलं पाचवा हिस्सा तरी उष्णतेत जातं. डेक साधारण दीड वेळा भरतं, पण पॉवर बँक ४५ वॅट पीडी बाहेर देणारी हवी. काहींवर लिहिलेला आकडा आत घेण्याचा असतो.

यात एक मोठा फायदा आहे जो फोनमध्ये नाही: पंखा. एप्रिल-मे महिन्यात फोनवर जड गेम लावला तर थोड्याच वेळात फोन तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि फ्रेम पडायला लागतात. चार्जिंगला लावून खेळलं तर अजून लवकर. हँडहेल्डचा पंखा ती उष्णता बाहेर टाकतो. त्याबदल्यात धूळ आत ओढतो, म्हणून जाळी मऊ ब्रशनं साफ करत जा. हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा, नाहीतर झोतानं भरधाव फिरून त्याचं बेअरिंग जातं.

इस्लामपूर – मोबाईल गेमिंग

फोनची बाजू कुणीतरी नीट मांडायला हवी. वीस-पंचवीस हजारांचा फोन घरात आहेच. त्याला यूएसबी-सीचा, दोन्ही बाजूंनी पकडणारा कंट्रोलर लावला की हँडहेल्डचं निम्म्याहून जास्त काम होतं. ब्लूटूथचा घेऊ नका, बटण दाबणं आणि स्क्रीनवर हलणं यात फरक जाणवतो. घेण्यापूर्वी फोनचं कव्हर काढून बघा. जाड कव्हरमुळे पिन अर्धवट बसते आणि पोर्ट ढिला होतो. कॅमेऱ्याचा उंचवटा मागच्या पट्टीला अडतो का, आणि कंट्रोलरमधून चार्जिंग होतं का, हेही तपासा.

आता अडचण. सगळे गेम कंट्रोलर मानत नाहीत. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल मानतो. बीजीएमआय (पबजी मोबाईलचा भारतातला अवतार) मानत नाही, आणि बटणं स्पर्शावर बसवणारी अ‍ॅप वापरली तर खातं बंद होऊ शकतं. जे अस्सल मोबाईलचे गेम आहेत ते अंगठ्यासाठीच बनवलेले आहेत. ज्याला तेच खेळायचे आहेत त्यानं सत्तर हजार घालवायची काहीच गरज नाही.

टॅब मला मधलाच प्रकार वाटतो. अकरा इंची स्क्रीनवर अंगठे मध्यापर्यंत पोचत नाहीत आणि अर्धा किलो वजन हवेत धरावं लागतं. (डेक पहिल्या मॉडेलचं ६६९ ग्रॅम आहे, पण त्याला पकडायला मुठी आहेत.)

सातारा, पोवई नाका – शिक्षिका

पालकांनी एवढं तरी करावं. मुलांच्या हातातल्या फोनवर यूपीआय असतं आणि फुकट गेमच्या आत खरेदी असते. प्ले स्टोअर उघडून उजव्या कोपऱ्यातल्या चित्रावर दाबा, सेटिंग्जमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं करून ठेवा. मग यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडून बघा, तिथं दरमहा कापणारं काही चालू असेल तर रद्द करा.

वेगळ्या हँडहेल्डचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. गेमचे पैसे एकदाच द्यायचे, आत तिजोऱ्या उघडायला पैसे मागणारे गेम टाळता येतात. स्विचला पालकांच्या फोनवरून रोजची वेळ ठरवता येते. आणि अभ्यासाचा फोन वेगळा, खेळाचं यंत्र वेगळं. कपाटात ठेवलं की विषय संपला.

तासगाव – रेट्रो हँडहेल्ड

चार-पाच हजारांत काय मिळतं ते सांगतो. आर३६एस घ्या उदाहरणाला. साडेतीन इंची ६४० बाय ४८० स्क्रीन, १ जीबी रॅम, दोन मेमरी कार्डांची जागा. गेमबॉयपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचे गेम नीट चालतात. त्यापुढचे चालतील असं दुकानदार सांगेल, त्यावर विसंबू नका.

डब्यात येणारं कार्ड बिननावाचं असतं आणि तेच पहिलं मरतं. म्हणून यंत्र हातात आलं की आधी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा आणि विन३२ डिस्क इमेजरनं पूर्ण प्रत करून ठेवा. कार्डावरच्या बूट भागात शेवटी डीटीबी असलेली फाईल असते, ती वेगळी जपा. या यंत्रांत प्रत्येक खेपेला स्क्रीनचं पॅनेल बदलतं आणि त्या पॅनेलची माहिती याच फाईलमध्ये असते. नव्या चांगल्या कार्डावर सिस्टिम टाकली आणि आवाज येतोय पण स्क्रीन काळी आहे, तर नव्याण्णव टक्के डीटीबी चुकलीय. जुनी फाईल तिथे ठेवा, चालू होईल.

दोन्ही टोकं यूएसबी-सी असलेल्या केबलवर चार्ज झालं नाही तर यंत्र खराब समजू नका. स्वस्त बोर्डावर पोर्टजवळचे दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे चार्जरला यंत्र दिसतच नाही. जुन्या चौकोनी टोकाची केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावा. बंद करताना मेनूतून बंद करा, रीसेट दाबून नको, कार्डावरच्या फाईली तुटतात.

आणि हे स्पष्ट लिहितो: कार्डात भरून येणारे हजारो गेम चोरीच्या प्रती आहेत. स्वतःच्या कार्ट्रिजमधून (गेम असलेल्या खऱ्या कार्डातून) काढलेले किंवा हौशी लोकांनी मोकळे सोडलेले नवे गेम टाका. तेही भरपूर आहेत.

सांगली – जुने गेम जमवणारा

'फोनवरचा गेम आपला' हा समज काढून टाका. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली. बीजीएमआय २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. २०१७ मध्ये आयफोनच्या आयओएस ११ नं ३२ बिटचे सगळे जुने गेम एका अपडेटमध्ये निकामी केले. विकत घेतलेले होते तरीही.

हँडहेल्डवाल्यांनीही फार हुरळू नये. ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये आणि ऑनलाइन खेळ एप्रिल २०२४ मध्ये बंद झाला. पण कार्ट्रिज आजही चालते. स्विच २ च्या काही कार्ट्रिजमध्ये फक्त किल्ली असते, गेम डाउनलोडच करावा लागतो. खोक्यावर खाली तसं छापलेलं असतं, बघून घ्या. माझ्यासारख्याला असली कार्ट्रिज निरुपयोगी आहे. स्विच २ ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं, जुन्या स्विचमधलं कार्ड उचलून त्यात चालणार नाही.

वाई – जुनी यंत्रं, देखभाल

पावसाळ्यात वाई-महाबळेश्वरकडे कार्ट्रिजच्या पिनांवर काळा थर येतो आणि गेम ओळखला जात नाही. फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्यानं थर वाढतो. कापसाच्या काडीवर ९९ टक्क्यांचं अल्कोहोल घेऊन पिना एकाच दिशेनं पुसा, सुकू द्या, मग लावा. यंत्र हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा.

बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवायची नाही, निम्म्याच्या आसपास ठेवायची आणि अधूनमधून बघायची. जुन्या पीएसपीच्या (सोनीचं व्हिटाच्या आधीचं हँडहेल्ड) बॅटऱ्या फुगतात. मागचं झाकण नीट बसत नसेल तर तेच कारण. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. काढून टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पीएसपी बॅटरीशिवाय थेट चार्जरवरही चालतो, त्यामुळे बॅटरी गेली म्हणून यंत्र भंगारात घालायचं कारण नाही. नवी बॅटरी घेताना ती जाड मॉडेलची की स्लिमची ते आधी बघा, दोन्हींची जाडी वेगळी असते आणि झाकण बसत नाही.