मदत हवी आहे: आईसारखा आनंद मला का होत नाही?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आईचं डायलिसिस सुरू होऊन दीड वर्ष झालं; आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सुया टोचलेला डावा हात न हलवता ती उजव्या हाताने नवा करार (बायबलचा दुसरा भाग) छातीशी धरते आणि हळूच गीत गुणगुणते. म्हणते, येशूचा प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पै शहरातल्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री गात होतेच ना! पुढे पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेही बंदिवासातून, आणि त्यात सारखा आनंदच.

आईचा आनंद खोटा नाही, मी रोज बघते. पण शेजारी बसून मला रडूच येतं. घरच्यांचं आजारपण काढताना तुम्ही प्रार्थना कशी केलीत? कोणती स्तोत्रं वाचलीत? आणि मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल कुठे मिळेल? तिला आता बारीक अक्षर दिसत नाही.