येत्या वर्षाची आखणी: यादीत पहिले काय? (अनुभव धागा)

माळरान (धाराशिव)

येळवशीला गावी गेलो आणि वडिलांची जुनी पद्धत आठवली. मार्गशीर्ष अमावास्येचा हा सण डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या आरंभी येत असल्यामुळे आमच्या घरी वर्षाची आखणी त्याच दिवशी होत असे. ज्वारीच्या रानात कोपीतील (कडब्याच्या खोपटातील) पूजा आटोपून भज्जी-आंबिलीची पंगत उठली की वडील सर्वांना बसवून घेत आणि कामांची वाटणी करत. ज्यांची तारीख पावसासाठी थांबत नाही ती कामे पहिली, म्हणजे मार्चअखेर गावच्या सोसायटीचे पीककर्ज नवे-जुने करणे (जुने फेडून नवे उचलणे) आणि मुलांच्या शाळेचा खर्च. पावसाळ्यापूर्वी उरकायची ती दुसरी, म्हणजे विहिरीतील गाळ आणि बांधबंदिस्ती. मोटारसायकल, घराचा स्लॅब, कित्येकदा लग्नकार्यसुद्धा, ही कामे सुगी पदरात पडेपर्यंत बोलायचीही नाहीत. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आमचे सोयाबीन पाण्याखाली गेले, तेव्हा स्लॅब पुढे ढकलावा लागला, परंतु मुलांचे शिक्षण थांबले नाही. आपल्या घरी काय आधी येते आणि काय मागे राहते, ते अवश्य लिहावे.

जीवशास्त्रवाली (लातूर)

मी 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या विद्यार्थ्यांना शिकवते. वर्षारंभी बहुतेक मुले वहीच्या पहिल्याच पानावर 720 पैकी किती गुण हवेत तो आकडा लिहितात. मी त्यांना तेथे आठवड्याचा अभ्यास लिहायला सांगते, कारण गुण त्यांच्या हातात नसतात आणि अभ्यास असतो. 180 प्रश्नांपैकी 90 प्रश्न, म्हणजे 360 गुण, एकट्या जीवशास्त्राचे आहेत. ज्याला भौतिकशास्त्राची धास्ती आहे, त्याने आधी एनसीईआरटीची जीवशास्त्राची पुस्तके ओळीओळीने पक्की करावीत आणि भौतिकशास्त्राची थोडी उदाहरणे रोज सोडवावीत, असा क्रम मी आग्रहाने लावून देते. सर्व विषय एकाच वेळी पहिल्या क्रमांकावर ठेवणारी मुले दिवाळीपर्यंत थकून जातात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

बालाघाट (बीड)

आमचे वर्ष दसऱ्यानंतर सुरू होई, कारण तेव्हा गाव ऊसतोडीला निघे. पुढचे वर्ष कसे जाणार हे उचल, म्हणजे मुकादमाकडून (मजुरांच्या टोळीच्या ठेकेदाराकडून) मिळणारी आगाऊ रक्कम, घेतानाच ठरते. उचल जितकी मोठी, तितका पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे बांधला जाण्याचा धोका अधिक. एका वर्षी माझ्या आईने घरावरचे पत्रे, भांडी, थोरल्या बहिणीच्या लग्नाची तयारी, सारे बाजूला सारले आणि दोनच गोष्टी ठरवल्या: उचल कमी घ्यायची आणि मला आजीजवळ ठेवून शाळा चालू ठेवायची. मुकादम जास्त रक्कम देत होता, ती तिने घेतली नाही. पावसाळ्यात घर गळत राहिले. आज मी परिचारिका आहे, आणि माझ्या मुलीच्या वर्षाचा विचार करताना आईचा तो नकारच आधी डोळ्यांसमोर येतो.

काळी माती (परभणी)

ताई, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा.

आमच्याकडे 'उत्पादन वाढवायचे' असे कोणी ठरवत नाही, कारण त्यातून उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही. मे महिन्यात घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासणे हे आमचे पहिले उद्दिष्ट असते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत 100 दाणे मांडतो, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करतो, सावलीत ठेवतो आणि रोज पाणी शिंपडतो. आठवडाभराने उघडल्यावर 70 किंवा त्याहून अधिक दाण्यांना चांगले कोंब आलेले दिसले, तर एकरी 30 किलोप्रमाणे बियाणे धरतो. कमी आले तर प्रमाण वाढवतो किंवा विकतच्या बियाण्याची तजवीज करतो. फवारणी पंप वगैरे खरेदीचा विचार त्यानंतर. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी नाही, हा दुसरा निर्णयही तेव्हाच घेऊन ठेवतो. शेजारच्या रानात तिफण चालू झाली की मन ढळते, म्हणून तो आधी ठरलेला बरा.

दुधना (जालना)

काळी माती, आमचे घरचे बियाणे दिसायला उत्तम असूनही उगवत नाही; याचे कारण काय असावे?

गोदाकाठ (नांदेड)

माळरान यांच्या वडिलांची वाटणी मला पटते, तरी एक शंका मांडते. अशा यादीत घरातील बाईचे काम नेहमी सुगीनंतरच्या कामांत जाते आणि सुगी बरी आली तरी दुसरेच काही पुढे येते. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया अशीच वर्षानुवर्षे मागे पडत आली. त्या ओट्याला धरून उभ्या राहतात आणि भाकरी मात्र सर्वांना गरम वाढतात. पुढे ढकललेल्या कामाने पुढच्या वर्षी एक पायरी वर सरकले पाहिजे, असा नियम आम्ही जावाजावांनी यंदा घातला आहे, आणि त्यानुसार शस्त्रक्रिया सर्वांत वर आहे.

माळरान (धाराशिव)

गोदाकाठ, हा नियम आमच्या वाटणीत नव्हता आणि तो असायला हवा होता. आईला मोतीबिंदू आहे. आज रात्रीच भावाशी बोलतो.

काळी माती (परभणी)

दुधना, सोयाबीनच्या दाण्याचे आवरण फार पातळ असते. मळणीयंत्र वेगात फिरवले किंवा पोती उंचावरून आपटली, तर डोळ्यांना न दिसणारी इजा होते आणि उगवण घटते. बियाण्यासाठी ठेवायचा माल कमी वेगावर वेगळा काढावा आणि पोत्यांची उंच थप्पी लावू नये. हे काम ऑक्टोबरचे आहे, म्हणून यंदाच्या यादीत ते आताच लिहून ठेवावे.