घरच्या घरी भाजीपाला पिकवणे खरोखर परवडते का?

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार. आम्ही पती-पत्नी नुकतेच सेवानिवृत्त झालो असून साताऱ्यात शाहूपुरी भागात आमचे बैठे घर आहे. वर सुमारे ७०० चौरस फुटांची गच्ची आहे आणि मागे न्हाणीलगत परसाची एक अरुंद पट्टी आहे. एका व्यावसायिकाने गच्चीवर विटांचे वाफे बांधून, त्यांत फूटभर माती भरून, ठिबकासह तयार बाग उभी करून देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. मात्र त्याने सांगितलेली रक्कम आमच्या दोघांच्या वर्षभराच्या भाजीखर्चाहून अधिक आहे. सौ.चे म्हणणे असे की, ताजी आणि बिनफवारणीची भाजी पैशांत मोजू नये. माझे म्हणणे असे की, ज्या गावात आसपासचे शेतकरी सकाळी स्वतः जुड्या घेऊन बसतात, तेथे एवढा खटाटोप कशासाठी करायचा? शिवाय येथील पाऊस एकदा लागला की आठवडाभर ऊन दिसत नाही, आणि मे महिन्यात आम्ही मुलाकडे पुण्यास असतो. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी भीडभाड न ठेवता मत द्यावे, ही विनंती.

गच्चीवरची (विश्रामबाग, सांगली)

काका, आमच्या गच्चीवर बरीच वर्षे भाजी होत आहे, आणि तरीही पैशांच्या हिशेबाने विचारत असाल तर ती परवडत नाही, असेच मी सांगेन. त्याचे कारण कष्टांत नाही, हंगामात आहे. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा या भाज्या कुंडीत सर्वांत सुखाने येतात त्या दसऱ्यापासून होळीपर्यंत, आणि नेमक्या त्याच दिवसांत मंडईत जुड्यांचे ढीग लागलेले असतात व भाव उतरलेले असतात. कोथिंबीर महागते ती उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाची झड लागल्यावर. त्या वेळी आपल्या कुंडीतली कोथिंबीरही एक तर उन्हाने चार पानांवरच फुलावर आलेली असते, नाही तर पावसाने आडवी होऊन सडलेली असते. शेतातल्या पिकाला जे हवामान सोसत नाही ते कुंडीतल्या पिकालाही सोसत नाही, एवढी साधी गोष्ट बाग उभारून देणारे सांगत नाहीत.

म्हणून किलोने लागणाऱ्या भाज्यांच्या वाटेला जाऊ नये. कोबीच्या एका रोपाने तीन महिने कुंडी अडवावी आणि शेवटी एकच गड्डा द्यावा, यात काय मिळवले? कांदा-बटाट्याचेही तेच. घरी लावावे ते चिमटीने लागणारे: कढीपत्ता, हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, लिंबू. बाजारातून आणलेल्या कढीपत्त्यातली चार पाने फोडणीत जातात आणि उरलेली काडी फ्रीजमध्ये काळी पडते. झाड दारात असले की चार हवी असतात तेव्हा चारच तुटतात. आमच्या घरी भाजीचा खर्च फारसा कमी झाला नाही, परंतु भाजी फेकून देणे जवळजवळ थांबले. २०१९ च्या महापुरात सांगलीतली भाजीची आवक बंद पडली होती तेव्हा आमच्या गच्चीने आम्हाला पोसले, असे मी म्हणणार नाही. पण ठेच्याला मिरची आणि डाळीला अंबाडी घरची होती.

पावसाळ्यात पालेभाजीचा हट्ट धरू नये. त्या दिवसांत अंबाडी, भेंडी, दोडका, कारली आणि परसातला आळू चांगला येतो. न्हाणीचे पाणी जेथे मुरते तेथेच आळू लावण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे, मात्र धुण्याच्या यंत्राचे साबणमिश्रित पाणी तिकडे सोडू नये. आणि रिकाम्या कुंडीत पावसाळ्यात घोळ व तांदुळजा आपसूक उगवतात, ते तण म्हणून उपटून टाकण्याआधी एकदा परतून खाऊन पाहावेत.

कोथिंबिरीविषयी एक सूचना. धने अख्खे पेरू नयेत. ते पाटावर पसरून वरून फळीने हलके रगडले की प्रत्येक धण्याच्या दोन डाळी सुटतात. त्या रात्रभर भिजवून पेराव्यात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी माती उकरून पाहण्याचा मोह आवरावा. मेथी मात्र चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढणीला होते. पालक उपटू नये, बाहेरची पाने कापत राहावी, म्हणजे एकाच पेरणीवर अनेकदा भाजी होते.

मे महिन्याचे म्हणाल तर हंगामी कुंड्या एप्रिलमध्येच रिकाम्या करून ठेवाव्यात. कढीपत्ता आणि लिंबू परसातल्या सावलीत उतरवून, बुंध्याशी उसाचे पाचट जाडसर पसरून शेजाऱ्यांना दोन दिवसांआड पाणी घालायला सांगावे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पाचटाला तोटा नाही.

मळेकरी (वाळवा तालुका)

साहेब, मी भाजी विकणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा माझे मत त्या हिशेबाने घ्यावे. फवारणीची भीती सगळ्या भाज्यांना सारखी लावू नये. वांगी, भेंडी, मिरची, फ्लॉवर यांच्यावर फवारण्या जास्त होतात, कारण त्यांच्यावर अळ्या आणि रस शोषणाऱ्या किडी जास्त येतात. फवारणीनंतर किती दिवस तोडा करू नये, हे औषधासोबतच्या पत्रकावर छापलेले असते. पण वांग्याचा तोडा तीन-चार दिवसांनी येतो आणि भाव चढलेला असला की सगळेच थांबतात असे नाही, हे मी मान्य करतो. तांदुळजा, चाकवत, अंबाडी, आळू यांच्यावर औषध मारण्याची वेळ सहसा येत नाही, त्यामुळे त्या बिनघोर विकत घ्याव्यात.

अडचण अशी आहे की, ज्या भाजीची भीती सर्वांत जास्त, तीच बिनफवारणीची करणे घरीही सर्वांत अवघड असते. वांग्याचा कोवळा शेंडा दुपारी मान टाकल्यासारखा दिसला की आत अळी आहे असे समजावे. तो शेंडा बोटभर खालून खुडून चुरडून टाकावा, आणि ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी आठवड्या-पंधरवड्याने करीत राहावे. दोन-चार झाडांपुरते हे रोज पाहणे निवृत्त माणसाला जमते, आम्हाला एकरात जमत नाही. आमच्या घरच्या खाण्यापुरती कृष्णाकाठची वांगी आम्हीही विहिरीच्या कडेला वेगळीच ठेवतो.

परसाच्या पट्टीत कढीपत्त्याबरोबर एक शेवगा लावावा. पीकेएम-१ हा वाण वर्षभराच्या आतच शेंगांवर येतो. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, म्हणून शेंगांचा बहर संपल्यावर तो तीन फुटांवर छाटावा, म्हणजे वाऱ्याने फांदी मोडून पत्र्यावर पडत नाही आणि शेंगाही हाताशी राहतात.

स्थापत्य अभियंता (कराड)

परवडण्याचा विचार करण्याआधी वजनाचा विचार करावा. माणसे वावरतात अशा सपाट गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ (भाग २) मध्ये साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो एवढा वापराचा भार धरलेला असतो. फूटभर जाडीची ओली माती तेवढ्याच जागेत ५०० किलोंच्या पुढे जाते, आणि विटांच्या भिंतींचे वजन त्यावर वेगळे. स्लॅबचा आराखडा मुळातच त्या हिशेबाने केलेला नसेल, तर ठिबकासहित वा ठिबकाविना, असे वाफे बांधूच नयेत. माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) समप्रमाणात घेऊन भरलेली १२ इंची पिशवी ओली असतानाही २५ किलोंच्या आसपास राहते. अशा पिशव्या गच्चीच्या कडेने, भिंती आणि तुळयांच्या रेषेवर, एकमेकींपासून अंतर सोडून ठेवाव्यात. पिशवीखाली विटा किंवा लोखंडी घडवंची असावी, म्हणजे कोबा वाळत राहतो आणि गळती कोठून लागली हे पाहता येते. वाफ्याखाली गळती लागली तर सगळी माती उपसावी लागते, तो खर्च त्या प्रस्तावात धरलेला नसतो.

शाहूपुरीकर (सातारा)

हे खाते यजमानांचे असले तरी मजकूर माझा आहे. वाफ्यांचा बेत आम्ही रद्द केला. वजनाचा आकडा वाचल्यावर त्यांना फार आनंद झाला, आणि पिशव्यांवर माझे समाधान झाले आहे, म्हणजे दोघांचेही म्हणणे राहिले. दसऱ्याला मेथी आणि धने पेरून सुरुवात करणार आहोत. परंतु तोपर्यंत एक शंका आहे. परसातल्या कुंपणावर दोडक्याचा एक वेल आपोआप उगवून पसरला आहे. फुले भरपूर येतात, मात्र बोटाएवढे झालेले दोडके पिवळे पडून गळतात. गांडूळखत वाढवावे काय?

गच्चीवरची (विश्रामबाग, सांगली)

काकू, खत अजिबात वाढवू नका. वेल नुसता पाल्यावर जाईल. गळलेला दोडका उभा चिरून पाहा. आत पांढऱ्या बारीक अळ्या असतील तर ती फळमाशी आहे: गळलेली फळे रोज गोळा करून बंद पिशवीत उन्हात ठेवावीत, आणि वेलभाज्यांसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारा क्यू-ल्यूर गोळीचा सापळा टांगावा. सापळ्यात फक्त नर माश्या अडकतात, त्यामुळे फळे गोळा करण्याचे काम त्याने सुटत नाही. आत काहीच नसेल तर परागीभवन होत नाही. दोडक्याची फुले दिवस कलताना उमलतात, आणि तोवर मधमाश्या पोळ्याकडे परतलेल्या असतात. लांब दांड्याच्या घोसात येतात ती नर फुले. जिच्या बुडाशी इवलासा दोडका असतो ती मादी. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. एका नरात दोन-तीन मादी फुले होतात. हात लावलेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधून ठेवा, म्हणजे कोणते धरले आणि कोणते गळले हे आठवड्याभरात कळेल. पुढे घोसाळे लावलेत तर हेच काम सकाळी करावे लागेल, कारण त्याची फुले पहाटे उमलतात.