रिफर्बिश्ड कॉर्डलेस ड्रिलचा सेट घेऊ का?

प्रश्न: नव्या घरात पडद्यांचे रॉड, दोन फळ्या आणि आईसाठी बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवायचाय. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला १८ व्होल्टचा रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला) सेट पाहिला : ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर (झटके देत स्क्रू पिळणारं मशीन), दोन बॅटऱ्या. ड्रिलचा चक (बिट पकडणारा पुढचा भाग) किंचित डुगडुगतो. घेऊ का?

उत्तर १: आधी बॅटरी बघा, मशीन नंतर. माझ्या सेटची बॅटरी चार्जरवर हिरवा दिवा दाखवायची आणि सागवानात तिसरा स्क्रू अर्धा जाताच मान टाकायची. नवीन घ्यावी लागली, स्वस्ताई तिथेच संपली. आत पाच सेल असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२, म्हणजे एकूण २१. चार्ज करून रात्रभर ठेवा, सकाळी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. बरंच खाली आलं असेल तर सोडा. दुकानदार एवढं करू देत नसेल तर तिथून निघा.

उत्तर २: चकमध्ये सरळ बिट लावून हळू फिरवा. टोक एका जागी न राहता वर्तुळात डुलत असेल तर दुसरा चक लावून बघायला सांगा. तरीही डुललं तर बहुधा स्पिंडल (चक बसतो तो दांडा) वाकलाय, घेऊ नका.

उत्तर ३: विटेच्या भिंतीला हॅमर मोड (फिरता फिरता ठोकायची सोय) असलेला ड्रिल पुरतो. काँक्रीटच्या बीमला मात्र रोटरी हॅमर (जास्त जोराने ठोकत भोक पाडणारं मशीन) एक दिवस भाड्याने आणा. आणि आईंचा दांडा नुसत्या टाइलवर पेलणार नाही, अँकर (भिंतीत घट्ट बसणारा बोल्ट) मागच्या भिंतीत खोल जाऊ द्या.

प्रश्नकर्ता: शनिवारी मल्टिमीटर घेऊनच जातो.