छोटा कॉर्डलेस स्क्रू ड्रायव्हर सागवानात अडायलाय

देव्हारेवाला_होटगीरोड:
मंडळी, आमचं छोटं वर्कशॉप हाय, कपाटं, किचन ट्रॉल्या, देव्हारे असली कामं. ३.६ व्होल्टचा हातात मावणारा कॉर्डलेस आणलाय, प्लायवर बिजागऱ्या झकास बसायल्यात, पण सागाच्या चौकटीत ८ नंबरचा दीड इंची स्क्रू अर्ध्यात जाऊन थांबतो, मोटर नुसती गुर्रर्र. पोरगं म्हणतंय पीस खराब हाय, परत करू. करू का?

रंधा_पटाशी:
परतबिरत नका करू ओ, पीस चांगला हाय. असल्या मशीनचा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, ३ ते ५ न्यूटन मीटर, १२ व्होल्टच्या ड्रिलला २०-३० मिळतो, मग सागात सरळ कसा जाईल तो? आधी ३ एमएमचं भोक पाडा आणि स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा, साबण नको, ओलावा धरतो आणि स्क्रू गंजतो. देव्हाऱ्याला पितळी लावत असाल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढायचा, मग पितळी हातानं आवळायचा, नायतर मुंडकं तुटून दांडी आत आणि गिऱ्हाईक समोर उभं.

सोलापुरी_ओम्या:
भोकाला ड्रिल लागणारच म्हणल्यावर हे खेळणं कशाला बे? १२ व्होल्टचा एकच घ्यायचा, विषय संपला.

रंधा_पटाशी:
ओम्या, ट्रॉलीच्या आत हात घालून चॅनेलचा (ट्रॉली सरकते त्या पट्टीचा) शेवटचा स्क्रू तू ड्रिलनं मारून दाखव, मावतच नाही तिथं. आणि पार्टिकल बोर्डात मोठ्या मशीनचा क्लच (जोर ठरवायची रिंग) न बघता ट्रिगर दाबला की भोक मोकळं, स्क्रू गोल गोल फिरत बसतो. तिथं कमी जोरच बरा.

बिटवाला:
बिट, म्हणजे मशीनच्या तोंडाला लावायचं टोक, पण बघा. स्क्रूच्या फुलीच्या मधे बारीक तिरक्या रेघा असल्या तर तो पॉझी, त्याला पीझेड २ लागतो, साध्या फुलीचा पीएच २ (फिलिप्स) घातला की घसरून फुली खातो. अजून एक, मे महिन्यात पत्र्याच्या शेडात दुपारी चार्जिंगला लावू नका, आपल्याकडं बाहेरच ४२-४३ अंश असतंय आणि लिथियम बॅटरी ४५ च्या वर चार्ज करायची नसते. रात्री लावा.

देव्हारेवाला_होटगीरोड:
भोक पाडून, मेण लावून मारला आत्ता, मुंडक्यापर्यंत गेला की! परत करायचं कॅन्सल. बाभळीच्या पाटाला पण चालंल का असंच?

रंधा_पटाशी:
बाभळीला ते मशीन दाखवू पण नका.