पीसीआर पॉझिटिव्ह, कल्चर निगेटिव्ह: नोंद काय करायची?

रकाना_सात
अन्नातून पसरणाऱ्या आजारांच्या सर्वेक्षणात डेटा एंट्री करते, ८ महिने झाले. परवा एकाच शौचाच्या नमुन्याचे दोन रिपोर्ट हातात. आधी पीसीआर पॅनेलवर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) साल्मोनेला हा जंतू पॉझिटिव्ह, मग ४ दिवसांनी कल्चर (प्लेटवर जंतू वाढवून बघणं): वाढ नाही. फॉर्मात 'निकाल' हा एकच रकाना. नंतरचा रिपोर्ट खरा धरून मी पहिला खोडला आणि 'निगेटिव्ह' टाकलं. तेव्हापासून चुटपुट लागलीये.

जुनी_प्लेट
लागायलाच हवी, पण अर्धा दोष फॉर्मचा. दोन्ही निकाल खरे असू शकतात. पीसीआरला जंतूचा डीएनए पुरतो, मेलेल्या जंतूचाही चालतो. कल्चरला जिवंत जंतू लागतो. रुग्णाने आधीच अँटिबायोटिक सुरू केलं असेल किंवा नमुना उशिरा पोचला असेल, तर प्लेट कोरी राहते. म्हणून चाचणीगणिक वेगळी ओळ: पद्धत, नमुना घेतल्याची तारीख (रिपोर्टची नव्हे!), निकाल. केस संभाव्य की निश्चित, हे केसच्या ठरलेल्या व्याख्येवरून नंतर ठरतं. ते आपण एंट्री करताना ठरवायचं नाही.

माझं पाप सांगतो. साल्मोनेलाच्या प्रकारांच्या ड्रॉपडाउनमध्ये 'टायफी'च्या खालीच 'टायफीम्युरियम'. पहिली अक्षरं टाइप केली, एंटर दाबलं, पुढे गेलो. असे तीन रुग्ण. टायफी म्हणजे विषमज्वराचा जंतू, तो माणसातच राहतो, त्यामुळे टीम विषमज्वराचा वाहक शोधायला स्वयंपाकघरातल्या लोकांमागे लागली. टायफीम्युरियम जनावरं-कोंबड्यांतूनही येतो. अंडी-मांसाकडे दोन दिवस कुणी बघितलंच नाही. मूळ रिपोर्टवर 'टायफीम्युरियम' स्पष्ट छापलेलं होतं.

नमुना_हरवला
एक्सेलवरही डोळा ठेवा. आमचा नमुना क्रमांक '१०-३' त्याने परस्पर तारीख करून टाकला. आता पेस्ट करायच्या आधी कॉलम 'टेक्स्ट' करतो.

रकाना_सात
मग खोडलेलं परत कसं आणू? आणि चाचणी झालीच नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा ना?

जुनी_प्लेट
रिकामा अजिबात नको. 'केली नाही', 'रिपोर्ट यायचाय', 'निगेटिव्ह' या तीन निराळ्या गोष्टी. खोडलेलं मूळ रिपोर्टवरून पुन्हा भरा, शेरा लिहा: कुणी, कधी, का बदललं.

रकाना_सात
पीसीआरची ओळ शेऱ्यासकट परत घातली. जुन्या नोंदी चाळतेय. गेल्या महिन्यातल्याच ११ ठिकाणी रिकामा रकाना, आणि अक्षर माझंच.